हातांवर बसणाऱ्या बाई

वाघमारे बाई स्वतःच्या हातांवर बसायच्या. अगदी खरोखर. समोरचं मूल टॅबवरच्या चित्राकडे बोट न्यायला लागलं, की बाई दोन्ही तळहात मांडीखाली सरकवायच्या आणि त्यांच्यावर सगळं वजन टाकून बसून राहायच्या. मूल बोट उचलायचं, परत खाली घ्यायचं, पंख्याकडे बघायचं, टॅबचा कोपरा चाटायचं. बाई हलायच्या नाहीत. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझ्या मनात आलं, या बाईंना एकतर थंडी वाजतेय, नाहीतर कामाचा कंटाळा आलाय.

माझी मुलगी सई तेव्हा सहा वर्षांची होती आणि एक शब्द बोलत नव्हती. डॉक्टरांनी कागदावर ‘स्वमग्न’ असं लिहून दिलं होतं. मी चाकणजवळ, निघोज्याच्या एका कंपनीत लाईनवर इन्स्पेक्शनला आहे. पार्ट हातात आला की ओके, रिवर्क किंवा रिजेक्ट, एवढंच ठरवायचं आणि स्टिकर लावून पुढे ढकलायचं. सईकडे बघताना लोक मनातल्या मनात कोणता स्टिकर लावतात, ते मला त्यांच्या तोंडावर वाचता यायचं. दोन शाळांनी आम्हाला चहा पाजून, गोड बोलून परत पाठवलं होतं. काळेवाडीतली ही विशेष मुलांची शाळा म्हणजे आमचा शेवटचा दरवाजा होता. एका ट्रस्टने चालवलेली, पत्र्याच्या छपराची, आणि भिंतीला भिंत लागून पत्रा कापणाऱ्या प्रेसचं वर्कशॉप. तिकडे प्रेस पडली की इकडे फळा हलायचा.

बाईंनी सईपुढे टॅब ठेवला. त्यावर दोनच चित्रं होती, पाणी आणि बिस्कीट. सईचं बोट पाण्यावर जाऊन थांबलं. टेकेना. मागे गेलं, परत आलं, टेकेना. माझ्यातल्या इन्स्पेक्टरला ते बघवेना. मी हात पुढे करून तिचं बोट दाबलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “तहान कोणाला लागली होती हो, सईचे बाबा? तुम्हाला की तिला?”

“तिलाच. ती दाबणारच होती.”

“मग दाबू द्या की. तुमच्या मोबाईलवर गोल फिरत असतं तेव्हा गप बसता ना? का स्क्रीनच्या आत हात घालता? थांबा. लोड होतंय तिचं.” आणि मग हुकूम सुटला, “हातांवर बसा.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मी बसलो. कंपनीत या हातांना क्षणभर रिकामं राहायची मुभा नसते, ते मी मांडीखाली कोंबले आणि माझ्या पोरीकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने सईने आपणहून चित्र दाबलं. टॅब बोलला, “पाणी.” कस्टमर केअरच्या फोनवर असतो तसा तो बाईचा आवाज होता, गुळगुळीत, कोणाचाच नसलेला. सईने कानांवर हात घेतले, किंचाळली आणि टॅब जमिनीवर भिरकावला.

बाईंनी टॅब उचलून पदराने पुसला. “बरोबर आहे तिचं. मलाही ही बाई आवडत नाही. माझ्या पोरांनी काय असं बोलायचं का? ‘आपली भूक आमच्यासाठी महत्त्वाची आहे, कृपया प्रतीक्षा करा’?”

सुजाता वाघमारे असं त्यांचं नाव. वडील पिंपरीच्या कंपनीत कामगार होते, घर निगडीला, घरात त्या आणि म्हातारी आई. त्यांना कोणी मॅडम म्हटलं की म्हणायच्या, “मॅडम फी भरलेल्या शाळेत असतात. मी बाई.” शाळेला हे टॅब कुठल्याशा कंपनीने एका समारंभात दिले होते. फोटो झाले, हार झाले, आणि टॅब कपाटात गेले, कारण त्यांचं करायचं काय हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही. बाईंनी ते कपाटातून काढले. शाळेत नेट नव्हतं. म्हणून घरी मोबाईलवर बसून, परदेशातल्या आया आपल्या न बोलणाऱ्या मुलांना कसं शिकवतात त्याचे व्हिडिओ त्यांनी बघितले. इंग्रजी पुरतं कळायचं नाही. “आवाज बंद करून बघते मी,” त्या सांगायच्या. “त्या आयांचे हात बघते. हात सगळीकडे सारखेच घाई करतात.” शोधून शोधून त्यांनी एक फुकटचं, नेटशिवाय चालणारं ॲप मिळवलं आणि सगळ्या टॅबमध्ये टाकलं.

त्यातली चित्रं तिकडची होती. ‘थंडी’साठी बर्फाचा बाहुला. काळेवाडीत बर्फाचा बाहुला कोणाच्या बापाने बघितलाय? बाईंनी शाळेच्या वॉचमनला माकडटोपी घालायला लावून त्याचा फोटो काढला आणि तो ‘थंडी’च्या जागी बसवला. बर्गर काढून भाकरी आली, पिवळी स्कूलबस काढून सहा सीटर रिक्षा आली. सईच्या ‘पाण्या’वर आमच्या घरचा, तळाशी पोचा आलेला स्टीलचा पेला होता. तो फोटो काढायला बाई स्वतः आमच्या खोलीवर आल्या होत्या.

आवाजाचा प्रश्न राहिला. बाईंचं म्हणणं, ज्या घरातलं मूल त्या घरातल्या आईने आवाज द्यावा. आया लाजल्या. माझी बायको रेखा बीडकडची, एका पॅकिंगच्या कंपनीत जाते, लाईनवर दहा जणींना पुरून उरेल एवढी बोलते. पण टॅब तोंडासमोर धरला की तिची दातखीळ बसली. “बाई, माझं बोलणं कसं हाय ते तुमाला माहितंय. उद्या पोरगी बी असंच बोलायली म्हंजे लोक हसतेत,” ती म्हणाली. ट्रस्टच्या साहेबांनाही शुद्ध मराठीच हवं होतं. शेवटी बाईंनी स्वतःचाच आवाज भरायचं ठरवलं.

आता शेजारी प्रेस दणदणत असताना आवाज भरायचा कसा? आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते. एरवी आम्हाला ती शांतता जाणवतही नाही, भाजी आणायला आणि झोप काढायला ती वापरली जाते. बाईंनी ती कामाला लावली. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या सामानाच्या खोलीत जायच्या, दाराला सतरंजी लावायच्या आणि एकेक शब्द बोलायच्या. पाणी. भाकरी. नको. आणखी. शू. आई. एकच शब्द पुन्हा पुन्हा, जोपर्यंत तो कोणीतरी खरंच मागतंय असा वाटत नाही तोपर्यंत.

सईने तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती टॅबवर कान ठेवून आडवी झाली. त्या दिवशी घरी आल्यावर तिने पेल्याचं चित्र दाबलं. वाघमारे बाई आमच्या खोलीत बोलल्या, “पाणी.” रेखाने पाणी दिलं. सईने एक घोट घेतला आणि पुन्हा दाबलं. पुन्हा पाणी. संध्याकाळभर ती पोरगी पाणी मागत राहिली आणि रेखा रडत रडत देत राहिली. पिण्यासाठी नव्हतंच ते. मागितलं की मिळतं, हे तिला त्या दिवशी कळलं होतं.

या सगळ्याची किंमत काय, हे ज्याच्या घरी असं मूल नाही त्याला सांगून कळायचं नाही, तरी सांगतो. त्याआधी सई वर्षातून कितीदा तरी भिंतीवर डोकं आपटायची. कपाळ फुटेपर्यंत. का, ते आम्हाला कळायचं नाही. पोट, दात, भूक, भीती, काहीही असू शकायचं. आम्ही दोघं मध्ये उशी धरून बसायचो आणि अंदाज करत राहायचो. मग त्या पावसाळ्यात एक दिवस तिने आपटणं थांबवलं, टॅब ओढला आणि दोन चित्रं दाबली. “कान. दुखतोय.” डॉक्टरांनी कानात बघितलं तर आत पू. किती वर्षं तो कान असा दुखत होता कोण जाणे. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि मोठ्याने रडलो. शेजारी उभ्या असलेल्या एका पेशंटने मला “होईल बरं, भाऊ” असं सांगितलं. त्याला वाटलं, कोणीतरी गेलं.

बाईंना फोन केला तर म्हणाल्या, “रडून झालं का? मग आता ‘दात’ शिकवते. दातांचं दुखणं कानापेक्षा वाईट.” लिहायचा त्यांना कंटाळा. व्हॉट्सॲपवर आवाजात निरोप पाठवायच्या, आणि तेही बहुतेक माझी हजेरी घेणारे. “सईचे बाबा, घाई नको. तिला पाणी स्वतः मागू द्या. तुम्ही परत हात घातलाय, मला तिच्याकडे बघूनच कळतं.”

पुढच्या वर्षी बाईंचा घसा बसला. शिकवणाऱ्यांचा बसतोच, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, त्यांनी तर नाहीच नाही. हळद-दूध, ज्येष्ठमध, गुळण्या. घसा उघडेना. शेवटी तपासण्या झाल्या आणि जे निघायला नको होतं तेच निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर बोलणं नाही. ज्या बाईंच्या आवाजात आमची पोरं बोलत होती, त्यांचाच आवाज जाणार होता. मी तोपर्यंत देवाला अधूनमधून मानत होतो.

बाईंनी ऑपरेशन पुढे ढकलता येईल तेवढं ढकललं. डॉक्टर चिडले, आई रडली. बाई एवढंच म्हणायच्या, “मला थोडे गुरुवार द्या.” आणि श्रावणातल्या त्या गुरुवारांत, बसक्या घशाने, मध्ये मध्ये कोमट पाणी पीत, त्यांनी आमच्या मुलांचे मोठेपणीचे शब्द भरले. आत्ता लागणार नाहीत असे. मी एकदा दाराबाहेर उभा होतो तेव्हा सतरंजीमागून ऐकू आलं, “मला हात लावू नका.” मग थोडं थांबून पुन्हा, जास्त करडं, “हात लावू नका मला.” मग, “मला पाळी आली आहे.” “मला एकटं बसायचंय.” “माझा पगार कुठे आहे?” बाहेर आल्यावर त्यांनी मला बघितलं आणि म्हणाल्या, “तुम्ही कायम थोडेच असणार आहात तिच्याजवळ? मीही नाही. तेव्हा काय करेल ती?” या प्रश्नाचं उत्तर आमच्यासारख्या कुठल्याच आईबापाकडे नसतं. बाईंनी ते शब्द टॅबमध्ये ठेवले, एक प्रत प्रत्येक टॅबच्या मेमरी कार्डात ठेवली आणि ऑपरेशनला गेल्या.

गणपती गेल्यावर त्या शाळेत परत आल्या, गळ्याला रुमाल आणि हातात पाटी. पोरांना काही फरक पडला नाही. त्यांच्या लेखी बाई टॅबमध्ये बोलतच होत्या. बाई हातांवर बसलेल्या, समोर पोरगं चित्र दाबतंय, आणि बाईंचाच जुना, खणखणीत आवाज बाईंकडेच पाणी मागतोय, असं ते दृश्य. बघणाऱ्याला भडभडून यायचं. बाईंना हसू यायचं, पण आवाज नसल्याने फक्त खांदे हलायचे.

आता शेळके काकांबद्दल सांगायला हवं. काका ट्रस्टचे स्वयंसेवक, काळेवाडीच्याच जुन्या गावातले, एका कंपनीतून मेंटेनन्सचे फोरमन म्हणून निवृत्त झालेले. टॅबची चार्जिंगं, कव्हरं, तुटलेल्या पिना हे सगळं तेच बघायचे, आणि जीव लावून बघायचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या पट्ट्यात अवजारांची पूजा असते. कंपनीत मशिनं उघडतात, आतला चुरा काढतात, तेल बदलतात, पुसून लखलखीत करतात आणि मगच त्यांना हळदकुंकू लागतं. घाणेरड्या मशिनची पूजा करणं म्हणजे पाप. शाळेच्या ग्रुपवर निरोप आला की पूजेसाठी सगळे टॅब आणून द्या, तेव्हा आम्हा पालकांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आम्ही सगळे कंपनीवाले. बाई त्या आठवड्यात तपासणीसाठी हॉस्पिटलात होत्या.

आदल्या वर्षी कुंकू चार्जिंगच्या भोकात गेलं होतं, म्हणून काकांनी या खेपेला कव्हरवर फक्त एकेक बोट टेकवलं. झेंडू वाहिला. पेढा ठेवला. पण त्याआधी, फोरमनने करायला हवं तेच त्यांनी केलं होतं. टॅब अडखळत चालत होते, पोट भरलं होतं त्यांचं. काकांनी व्हिडिओ बघून बघून एकेक टॅब आतून साफ केला, पार कारखान्यातून आल्यासारखा. कार्डंसुद्धा. मग ॲप परत टाकलं, चित्रं दिसतायत याची खात्री केली. सगळं नवं कोरं.

संध्याकाळी सईने नवं कोरं ‘पाणी’ दाबलं. कस्टमर केअरची बाई बोलली.

सईने पुन्हा दाबलं. पुन्हा तीच. तिने टॅब उलटा करून मागे बघितलं. मग कानाला लावला. मग ती भिंतीकडे गेली, आणि आम्हाला उशी आणायलाही वेळ मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा होता तरी सगळे पालक शाळेत जमले. सगळ्यांच्या घरी तेच झालं होतं. एक आई काकांच्या अंगावर धावून गेली. काका भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांना काय झालंय तेच आधी कळत नव्हतं. “आवं, हँग होत व्हतं म्हनून साफ केलं,” ते सांगत होते. “कंपनीत जल्मभर खंडेनवमीला ह्येच केलं मी. ॲप परत टाकलं की समदं येतंय असं त्या व्हिडिओत व्हतं. बाईंचा आवाज पोटात व्हता, ॲपमधी न्हाई, हे मला ठावंच न्हाई वो.” मग कळलं, आणि ते खाली बसले. बाई आल्या. कोणीतरी त्यांना कळवलं होतं. त्यांनी एक टॅब घेतला, एक चित्र दाबलं, ऐकलं. दुसरं दाबलं. मग टॅब खाली ठेवला. त्यांना परत भरता येणार नव्हतं, आणि हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. बाईंनी पाटीवर लिहिलं, “काकांना चहा द्या. त्यांची शुगर कमी झालीय.” एवढंच लिहिलं. मला त्या क्षणी बाईंचाही राग आला. माणसाने एवढंही चांगलं असू नये, असं वाटलं.

कार्डातून काही निघतंय का ते बघायला मी चाकणपासून पुण्यापर्यंत फिरलो. दुकानदार कार्ड हातात घेऊनच मान हलवायचे. एकाने विचारलं, “लग्नाचं शूटिंग होतं का भाऊ?” मी हो म्हणून टाकलं.

सईचं डोकं आपटणं परत सुरू झालं. पुन्हा उशी, पुन्हा अंदाज. कान? दात? पोट? बाई गेल्या असं तिला वाटत होतं का? समोर बाई होत्या, पण मुक्या, आणि टॅबमध्ये आवाज होता, पण परका. शाळेत तिला बाईंच्या मांडीवर बसवलं तर ती त्यांच्या गळ्यावरच्या रुमालाला हात लावायची आणि चावा घ्यायची, स्वतःच्याच मनगटाला. रेखाने नोकरीवर जाणं थांबवलं. आम्ही दोघं एकमेकांशी कमी बोलायला लागलो. बोलता येणाऱ्या माणसांच्या घरात एवढी शांतता मी कधी बघितली नव्हती.

मग मला बाईंचे व्हॉट्सॲपवरचे निरोप आठवले. फोन भरला की पुसून टाकायची सवय होती, तरी थोडे उरले होते. बाकीच्या पालकांनीही आपापले फोन उलटेपालटे केले. जे उरलं होतं ते सगळं रागावणं होतं. नेटवर फुकट मिळणाऱ्या एका ॲपवर मी ते निरोप कापत बसलो. “घाई नको”तून ‘नको’ मिळालं. “तिला पाणी स्वतः मागू द्या”तून ‘पाणी’. “थांबा”, “लोड होतंय”. कोणाच्या तरी फोनमधून ‘भूक’. ‘कान’ सापडला नाही. ‘दुखतोय’ सापडला नाही. मोठेपणीचा तर एकही शब्द नाही. एवढ्या मोठ्या भाषेतून माझ्या मुलीच्या वाट्याला मूठभर शब्द आले, आणि तेही बाईंच्या चिडक्या सुरातले.

सईने तो टॅब घेतला. पाणी मागताना आता ती आम्हाला झापायची. आम्ही मुकाट पाणी द्यायचो.

थंडी संपता संपता बाईंचा आजार परत उलटला. आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो. बाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या, उजव्या हाताला सलाईन, पाटी धरता येत नव्हती. शेजारी स्टुलावर त्यांची आई. सई दाराशीच उभी राहिली, वासाने तिचं नाक आक्रसलं होतं. बाईंनी मला खूण केली आणि डाव्या हातात मोबाईल घेतला. काहीतरी सांगायचं होतं. एका बोटाने त्यांनी ‘आ’ लिहिला. बोट हवेत थांबलं. खाली येईना.

मला बघवेना. “आराम करायचाय का बाई? आईंना काही सांगायचंय? द्या, मी लिहितो,” असं म्हणत मी मोबाईल घ्यायला हात पुढे केला.

“थांबा.”

वाघमारे बाईंचा आवाज होता. जुना, धडधाकट, चिडलेला. आम्ही सगळे दाराकडे वळलो. सई खिडकीबाहेर बघत होती, तिचं बोट टॅबवर होतं. तिने ते शांतपणे दुसरीकडे सरकवलं.

“लोड होतंय.”

बाईंच्या आईने तोंडाला पदर लावला. लेकीचा आवाज त्या कित्येक महिन्यांनी ऐकत होत्या. बाईंचे खांदे हलत होते, हसत होत्या की रडत होत्या ते मी बघितलं नाही, कारण मी खाटेच्या कडेवर बसून, खाली बघून हात मांडीखाली घालत होतो.

बाईंना लिहायला खूप वेळ लागला. मग त्यांनी मोबाईल माझ्याकडे नाही, रेखाकडे वळवला. लिहिलं होतं, “आईचा आवाज भरा. माझा पुरे.”

रेखाने मान हलवली. “मला नाई जमायचं बाई. माझं बोलणं…”

बाईंचं बोट पुन्हा निघालं. पुन्हा तेवढाच वेळ. “बीडचंच भरा. घरचं वाटू दे.”

रेखाने बाईंचे पाय दाबले आणि आम्ही निघालो. उन्हाळा लागता लागता बाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला पुष्कळ लोक बोलले, माईकवरून, चांगलं बोलले. सईने कानांवर हात ठेवले होते. शेळके काका मंडपाच्या बाहेरच उभे होते.

आता गुरुवारी रेखा त्या सामानाच्या खोलीत बसते. काका फाटकाशी उभे राहून हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षांना हाताने थोपवतात. पहिल्या दिवशी रेखा बातम्या दिल्यासारखी बोलली, ते सगळं तिनेच पुसलं. मग हळूहळू तिचं तिला सापडलं. “पानी.” “कान दुखायलाय.” “मला हात लावू नगा.” हे शेवटचं म्हणताना तिचा आवाज फुटला, पण तिने ते पुसलं नाही.

बाईंचे उरलेले शब्द आम्ही काढले. ‘थांबा’ तेवढा ठेवलाय, त्याला हात लावायची आमची छाती झाली नाही.

पहिल्यांदा सईने टॅब भिरकावला. दुसऱ्यांदाही. हल्ली भिरकावत नाही, पण दाबतही नाही. काही दिवस डोकं आपटते, काही दिवस नुसती बसून राहते. आम्ही रोज संध्याकाळी तिच्यासमोर जमिनीवर बसतो, मी आणि रेखा, शेजारी शेजारी, दोघांचेही हात मांडीखाली. मुंग्या येतात. किती दिवस असं बसायचं, ते बाई सांगून गेल्या नाहीत. आत्ताही बसलोय. टॅबवर आमचा पोचा आलेला पेला आहे, सईचं बोट त्याच्यावर येऊन थांबलंय. अजून टेकलेलं नाही.